परातीचा काठ

आई, तुझी मोठी परात अजून माझ्याकडे आहे. तीच, जिच्यावर दुसऱ्याच मुलीचं नाव आहे. तू गेल्यावर घर आवरताना मी ती माळ्यावरून खाली काढली आणि कुणाला न विचारता घेऊन आले. तुला ते आवडलं नसतं. माझ्या लग्नात तू मला स्टीलचा एक चमचासुद्धा दिला नव्हतास. सगळं पितळेचं दिलंस, आणि माझ्या सासूबाई कल्हईवाल्याची वाट बघून बघून थकल्या. पण ही परात घासताना बोटं त्या नावावरून जातात, खिळ्याच्या ठिपक्यांनी तू कोरलेल्या त्या नावावरून, आणि मला ते त्या मुलीचं नाव वाटतच नाही. तुझं अक्षर वाटतं. तू कधी कुणाला पत्र लिहिलं नाहीस. जे लिहिलंस ते लोकांच्या भांड्यांवर, आणि ती भांडी लोकांच्या घरी गेली. माझ्या वाट्याला तुझ्या हाताची एवढी एकच ओळ आली.

यंदा दिवाळीला तुझी नात आली होती. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती तुझं बोट धरून अंगणात चालायला शिकत होती. आता ती बाहेरगावी एका मोठ्या संस्थेत धातूंवर संशोधन करते. चार-पाच धातू सारख्या वाट्याने एकत्र वितळवायचे, त्यांची पट्टी करायची, आणि ती ओढून, दाबून, वाकवून बघायची, असं तिचं काम. शेजारच्या बायकांना मी ती इंजिनियर आहे एवढंच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. तर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती फ्रिज पुसत होती. फ्रिजच्या दारावरची चुंबकं कुठे ठेवावीत ते तिला सुचेना, म्हणून तिने ती ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या परातीच्या काठाला लावून दिली. एक, मग दुसरं, मग तिसरं. आणि ती तिथेच राहिली. मी खाली बसून चकलीची भाजणी चाळत होते. माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी पुन्हा त्या परातीच्या काठाला चुंबक लागलेलं मी बघत होते, सिंदीच्या त्या लग्नाच्या मांडवात लागलं होतं तसं. मी तिला म्हटलं, ती काढ तिथून. ती म्हणाली, का गं, काय झालं? मग मला सगळं सांगावं लागलं. तिला तू माहीत आहेस, पण तुझं दुकान माहीत नाही.

बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. आपलं भांड्यांचं दुकान म्हणजे वर्ध्याच्या बाजारातलं एक दार, भिंतीला फळ्या आणि समोर एक पायरी. तेराव्यानंतर काका लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की दुकान विकायचं, बाईमाणसाने गादीवर बसणं आपल्यात नाही. त्याच दिवशी नागपूरहून इतवारीतले ते ठोक व्यापारी भेटायला आले. बाबा त्यांच्याकडूनच माल आणत. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, हातात संत्रा बर्फीचा पुडा. अशा प्रसंगी गोड आणायचं नसतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मग तो पुडा कुठे लपवावा ते त्यांना कळेना. शेवटी तो त्यांनी माझ्या हातात दिला. काकांसमोर ते तुला एवढंच म्हणाले, "बहन, दुकान बंद मत करना. माल मैं भेजूँगा." ते गेल्यावर तू काकांना म्हणालीस, "मी दुकानात बसतो." काकू तोंडावर पदर घेऊन हसल्या. तू आयुष्यभर 'मी बसतो, मी जातो' असंच बोललीस, आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखं; माझ्या तोंडून कॉन्व्हेंटमध्ये तसं गेलं की शहरातल्या मुली हसायच्या, म्हणून मी ते सोडलं. आता कधी एकटी असले की मुद्दाम बोलून बघते. मी जातो. मी येतो. घरात तू असल्यासारखं वाटतं.

तुला भाऊ नव्हता. त्याआधी दर भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, तू अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायचीस. द्वितीयेची ती कोर घरांच्या मागे लगेच खाली जायची, म्हणून तुझी दरवेळी घाई व्हायची, आणि तबक माझ्या हातात देऊन तू म्हणायचीस, धर वं, मामा चालला. त्या वर्षी भाऊबीजेला इतवारीचे भाऊ स्वतःहून आले. पायरीवर चपला काढल्या, पाटावर बसले, आणि तू कुंकू लावताना त्यांची टोपी पुढे घसरली. तेव्हापासून ते दरवर्षी येत राहिले. मी त्यांना मामा म्हणू लागले. तू चंद्राला ओवाळणं सोडलंस.

दुकानात गादीच्या बाजूला खिळ्याला लाल दोरीने एक चुंबक बांधलेलं होतं, रेडिओच्या भोंग्यातलं, काळं, मधे भोक असलेलं. ती तुझी कल्पना. तेव्हा स्टील नवीन होतं, आणि लोकांना भीती होती की चकचकीत पॉलिशखाली साधं लोखंडच विकतात. गिऱ्हाईक आलं की तू भांडं त्याच्यासमोर धरायचीस आणि म्हणायचीस, लावून पाहा, चिकटलं त वापस. गिऱ्हाईक चुंबक लावायचं, भांड्याच्या पोटाला, जिथे हात सहज जातो तिथे. चुंबक खाली पडायचं, दोरीला झोके घेत राहायचं. गिऱ्हाईक हसायचं आणि पिशवी उघडायचं. बाजारात तुझं नाव त्या चुंबकावरच झालं. आमच्या शाळेत सिस्टरनी लोखंडाचा कीस कागदावर पसरून चुंबकाचा प्रयोग दाखवला, तो मी घरी येऊन सांगितला, तेव्हा तुला केवढं बरं वाटलं होतं. तुमच्या सिस्टरबी तेच सांगते ना, असं तू आठवडाभर येईल त्याला ऐकवत होतीस. जणू तुझ्या दुकानाला इंग्रजी शाळेचा शिक्का मिळाला.

मी नववीत असताना सिंदीच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाची सगळी भांडी आपल्याकडून घेतली. गुंड, घागरी, डबे, ताटं, आणि ही परात. तू प्रत्येक भांड्यावर त्या मुलीचं नाव कोरलंस. कोरायचं यंत्र तेव्हा बाजारात आलेलं होतं, पण तुला त्याचा आवाज सोसायचा नाही. तू भांडं मांडीवर घेऊन खिळा आणि छोटी हातोडी घेऊन बसायचीस, आणि मला बजावायचीस की एकाच ठिपक्यावर दोनदा ठोकायचं नाही, पत्रा तिथे कडक होतो. नाव कोरणं तुला पूजेसारखं होतं. त्या मुलीच्या हळदीच्या दिवशी आपण दोघी पॅसेंजरने सिंदीला गेलो. तुला मानाने बोलावलं होतं. मांडवात रुखवत मांडलेलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे आपली भांडी उन्हात चमकत होती. नवऱ्या मुलाचे फुफा, म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान, मोठे गमतीचे गृहस्थ होते. ते तुला म्हणाले की बाईंच्या चुंबकाबद्दल फार ऐकलंय, आणलं असेल तर दाखवा. तू ते पिशवीत आणलंच होतंस. मला अजून दिसतं, तू ते काढून देताना तुझा चेहरा कसा झाला होता. पहिला नंबर आला की माझा व्हायचा तसा.

त्यांनी चुंबक परातीच्या मधोमध लावलं. पडलं. लोक हसले. त्यांनी डब्याच्या पोटाला लावलं. पडलं. मग बोलता बोलता, काही मनात नसताना, ते चुंबक परातीवरून फिरवत फिरवत बाहेर नेत गेले, आणि काठाजवळ, जिथे पत्रा वळवून गोल केलेला असतो तिथे, ते थांबलं. त्यांनी हात सोडला. चुंबक तिथेच राहिलं.

"काऊन बाई," ते म्हणाले, "इथं त चिकटून राह्यलं."

 मग मांडवातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं की मधे लागत नाही न् काठाले लागते, म्हंजे भेसळच ना? तो शब्द मांडवात फिरला. भेसळ. तू वाद घातला नाहीस. पुढे झालीस, चुंबक हातात घेतलंस, आणि सगळ्यांसमोर एकेका भांड्याचा काठ स्वतः तपासलास. ताटांच्या कडा, डब्यांचे बुडाशी वळलेले कोपरे, घागरीचा गळा. जिथे जिथे पत्रा जास्त वळवलेला होता तिथे तिथे ते धरत होतं. कुठे जोरात, कुठे अगदी हळू, बोट लावलं तर सुटेल असं. शेवटचं भांडं खाली ठेवून तू मुलीच्या बापाला म्हणालीस, "माह्या दुकानातून गेलं, मीच वापस नेतो. पोरीचं लगन थांबू देऊ नका." दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत पितळेची भांडी भरून तू पुन्हा सिंदीला पोचलीस. लग्न लागलं. ती मुलगी निघताना तुझ्या पाया पडली. आणि तिच्या नावाची स्टीलची भांडी आपल्या घरी आली, कारण नाव कोरलेलं भांडं दुसऱ्याला कसं विकणार. मी शाळा संपेपर्यंत तिच्या नावाच्या ताटात जेवले.

पण लग्नानंतर लगेच तू एक गोष्ट केलीस, जी मी या दिवाळीपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगताना रडू येतं. तू परात टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या शाळेत आलीस. व्हरांड्यात, येशूच्या मोठ्या चित्राखाली, चपला बाहेर काढून तू अनवाणी उभी होतीस. तुला सिस्टरला विचारायचं होतं. सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी येत नव्हती, तुझी हिंदी बाजाराची. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते. सिस्टरनी परात हातात घेतली, चुंबक लावून बघितलं, दोनदा बघितलं, आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "इसमें लोहा है." त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, आई. त्यांचं वाक्य खरंच होतं. ते किती खरं होतं ते आता मला कळलं आहे.

तिथून तू सरळ नागपूरला गेलीस, मला घेऊन. इतवारीच्या त्या गल्लीत भांड्यांच्या ढिगांमधून वाट काढत तू त्यांच्या गादीसमोर उभी राहिलीस आणि काही न बोलता परात पुढे धरून काठाला चुंबक लावलंस. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मामा उठून उभे राहिले. त्यांनी परातीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "बहन, काठ पे पकडता है, पेट में नहीं. माल वही है जो हमेशा देता हूँ. क्यूँ पकडता, वो मेरेकू भी नहीं मालूम." तुला ते पळवाट वाटली. मलाही वाटली. ज्याला माहीत होतं की काठाला धरतं, त्याने आपल्याला आधी सांगितलं का नाही? तू म्हणालीस, "माह्या तोंडानं तुम्ही लोकायले खोटं सांगाले लावलं." आणि परात उचलून पायऱ्या उतरलीस. परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. परात मांडीवर. एक बाई चढली आणि जागा मागताना तिने परातीवरचं नाव वाचून तुला त्या नावाने हाक मारली. तू सरकलीस. तिला सांगितलं नाहीस की ते तुझं नाव नाही.

त्या भाऊबीजेला ते आले. मी त्यांना दारातूनच पाहिलं. पांढरं धोतर, हातात बर्फीचा पुडा. तू आत होतीस, पाट मांडलेला नव्हता. मी आत येऊन सांगितलं की मामा आलेत. तू चुलीपुढून उठली नाहीस. ते पायरीवर बराच वेळ उभे राहिले, चपला काढल्या नाहीत, मग पुडा पायरीवर ठेवला आणि स्टेशनच्या दिशेने निघाले. संध्याकाळी तू अंगणात पाट मांडलास. मी तबक धरलं. कोर घरांमागे गेली तरी तुझी घाई नव्हती. आकाश रिकामं झालं होतं आणि तू ओवाळतच होतीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या नातीला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला तेही सांगितलं. तू दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल आणलास. पोती सोडल्या सोडल्या काठ तपासलास. धरत होतं. तिसऱ्याकडे गेलीस. त्याच्याकडेही धरत होतं. बाजारातले लोक तुला म्हणू लागले, काठाले थोडंसं लागतेच बाई, एवढं काय त्यात. तू म्हणायचीस, थोडं खोटं म्हंजे खोटंच. मग तू स्टील ठेवणंच बंद केलंस. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचे गंज, म्हणजे पातेली, जी कुणी आंदणात देत नाही, तीसुद्धा तुला खरी वाटायची, कारण त्यांना कुठेच काही चिकटत नव्हतं. लोकांना स्टील हवं होतं. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाऊ लागलं. चुंबक खिळ्याला तसंच होतं, पण आता ते कुणी हातात घेत नव्हतं. आणि तू बदललीस. भाजीवालीचा वाटा, दुधवाल्याचं माप, नातलगांचं बोलणं, सगळ्याच्या काठाला तू बोट लावून बघायचीस. माझ्या सासरच्यांनी काही चांगलं केलं तरी म्हणायचीस, पाह्यजो, पुढं काय निघते ते. आम्ही म्हणायचो, आई कडक झाली. मी सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला लागले आणि तिकडेच राहू लागले. तुझ्याकडे यायचे तेव्हा तू पायरीवर बसलेली असायचीस, मागे दुकानाचं अर्धं दार बंद. आपण दोघी बोलायचो, पण इतवारीचा विषय कधी निघाला नाही. तू गेलीस तेव्हाही नाही.

हे सगळं ऐकून होईपर्यंत भाजणीचं पीठ तसंच पडलं होतं. तुझ्या नातीने परात मांडीवर घेतली. तू कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. आणि म्हणाली, "आई, आजीचं स्टील खरं होतं."

मी तिला म्हटलं की मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तशी ती उठली, माळ्यावरून एक जुना तांब्याच्या तारेचा तुकडा घेऊन आली आणि मला म्हणाली, वाकव. मी वाकवला. सहज वाकला. पुन्हा सरळ कर. केला, पण आता जोर लागला. पुन्हा वाकव. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या अंगठ्याला रग लागली. ती म्हणाली, बघ, तू याच्यात काही घातलं नाहीस, काही काढलं नाहीस, फक्त वाकवलंस, आणि ही तार कडक झाली. धातूच्या आत सगळे कण रांगांनी बसलेले असतात. वाकवलं की रांगा एकमेकींवरून सरकतात. सरकता सरकता त्यांचा गुंता होतो, एकीची वाट दुसरी अडवते, आणि मग पुढे सरकणं अवघड होत जातं. त्यालाच आपण कडक झाली म्हणतो. स्टीलमध्ये याच्याही पुढे एक गोष्ट होते, ती म्हणाली. ताटवाट्यांचं स्टील म्हणजे दहातले सात भाग लोखंडच असतं, बाकी क्रोमियम आणि निकेल. निकेलच्या संगतीत लोखंडाचे कण एका वेगळ्या घडीत बसतात आणि त्या घडीत चुंबक त्यांना ओळखत नाही. पण थंड असतानाच पत्रा जोरात वळवला, ओढला, की त्या ठिकाणी घडी मोडते. कण दुसऱ्या तऱ्हेने बसतात. तिथे स्टील आधीपेक्षा खूप कणखर होतं, आणि तिथेच चुंबक धरायला लागतं. काठावर, कोपऱ्यावर, घागरीच्या गळ्याशी. जिथे जास्त वाकवलं तिथे जास्त. मधला भाग सपाट, त्याला कुणी दुखावलेलं नसतं, म्हणून तिथे काही नाही.

मी विचारलं, मग भेसळ? ती हसली नाही, हे मला फार बरं वाटलं. ती म्हणाली, मिसळलेलं असणं म्हणजेच ते स्टील असणं, आई. शुद्ध लोखंड महिन्याभरात गंजून गेलं असतं. मग तिने तिच्या कामाचं सांगितलं, आणि या वेळी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. तिच्या त्या पाच धातूंत कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. सगळ्यांचा वाटा सारखा. कणांचे आकार लहानमोठे, त्यामुळे रांगा मुळातच वाकड्यातिकड्या, सरकायला आधीच अडचण. ओढलं की आत नव्या भिंती उभ्या राहतात, आणि जितकं ओढावं तितकं ते जास्त सोसतं. मी म्हटलं, म्हणजे कडक होतं. ती म्हणाली, कडक तर सगळेच होतात गं. कडक झालेलं बहुतेक वेळा पुढे चिरतं. आम्ही शोधतोय ते असं की जे कडक होईल आणि तरी चिरणार नाही. हे ती धातूंबद्दल बोलत होती. मी तारेच्या तुकड्याकडे बघत राहिले. मघाशी बोलता बोलता मी तो आणखी दोन-तीनदा वाकवला होता, आणि तो माझ्या हातात तुटला होता.

म्हणजे तू खरी होतीस. मामा खरे होते. सिस्टर खऱ्या होत्या. मांडवातले फुफासुद्धा खरे होते, त्यांनी जे बघितलं तेच बोलले. इतक्या खऱ्या माणसांनी मिळून एवढं मोठं नुकसान केलं, आणि बोट ठेवायला एक खोटा माणूस सापडत नाही. आई, मला माहीत नाही याचं काय करायचं. कुणीतरी फसवलेलं असतं तर सोपं होतं. तू निदान त्या रागाला धरून राहिलीस. मला आता राग धरायलाही काही उरलेलं नाही, फक्त त्या रिकाम्या आकाशाकडे फिरणारं तुझं तबक दिसत राहतं.

तुझ्या नातीने जाताना विचारलं, परात घेऊन जाऊ का? भट्टीत लाल होईपर्यंत तापवली आणि एकदम थंड केली की काठ पुन्हा मऊ होतो, कण आपल्या जुन्या घडीत बसतात, चुंबक लागत नाही. वाकवल्याचं सगळं विसरते ती, असं तिने सांगितलं. मी क्षणभर विचार केला आणि नको म्हटलं. काठ तसाच राहू दे. तो तसा आहे म्हणूनच एवढ्या वर्षांत परातीचा आकार कुठे गेला नाही.

दिवाळी झाल्यावर मी नागपूरला गेले. परात टॉवेलमध्ये गुंडाळली, तू गुंडाळली होतीस तशी. इतवारीत बरंच बदललंय, पण गल्ली तीच, आणि दुकानही त्याच जागी, आता काचेचं. गादीवर त्यांचा मुलगा होता, माझ्याच वयाचा, केस पांढरे. वर हार घातलेला मामांचा फोटो. मी टॉवेल सोडला, चुंबक काठाला लावलं, आणि तो काही म्हणेल याची वाट बघत राहिले. तो म्हणाला, काठ पे तो पकडता ही है दीदी, सबको मालूम है. अगदी सहज. गिऱ्हाइकाला समजावतात तसं. मी वर्ध्याहून आल्याचं सांगितलं, भाऊबीजेचं विचारलं, संत्रा बर्फीचं विचारलं. त्याने मनापासून आठवून बघितलं. वर्धा के बहुत गिराहक थे, तो म्हणाला. त्याला काही आठवत नव्हतं. मामांनी घरी कधी सांगितलंच नसावं. तुझ्यासारखंच. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. तो पिऊन मी उठले, पायऱ्यांपर्यंत आले, आणि परत वळले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे परातीच्याच काठाला ते चुंबकाने लावून ठेवीन म्हणते. तिथली पकड फार जोराची नाही, पण दोन-तीन कागद धरेल. फक्त एक गोष्ट राहिली आहे. त्या पायऱ्यांवरून परत जाऊन मी त्याला म्हटलं की माझ्या आईने जाताना सांगून ठेवलं होतं, इतवारीच्या भाऊले सांगजो, माल खरा होता, चूक माही झाली. तुझ्याच बोलीत सांगितलं, तुझाच आवाज काढून. तो गादीवरून उठला. मग फोटोकडे वळून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाला, "सुन लिया, पापा?"

तू तसं काही सांगितलं नव्हतंस, आई. शेवटपर्यंत तू त्यांचं नावही काढलं नाहीस. थोडं खोटं म्हणजे खोटंच, हे तुझंच म्हणणं, मला माहीत आहे. पण मी बोलले ते काठावरचं आहे. तू त्याला पोटाकडून चुंबक लावून बघ.